अमेरिकेतला सण ओळखायचा कसा: आधी तारीख बघा, मग शुभेच्छा द्या

मे महिन्याचा शेवटचा सोमवार होता, न्यू जर्सीत येऊन आम्हाला जेमतेम आठ महिने झाले होते. सकाळी कुंड्यांना पाणी घालायला बाहेर आले तर समोरच्या आजी गाडीत कागदी खोक्यातून छोटे छोटे झेंडे ठेवत होत्या, मी हात हलवून मोठ्याने हॅपी मेमोरिअल डे म्हटलं. त्या थांबल्या, रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या की माझा मोठा भाऊ व्हिएतनामहून परत आला नाही, हे झेंडे त्याच्यासाठी आणि त्याच्या शेजारी झोपलेल्या बाकीच्या मुलांसाठी आहेत. मला काय बोलावं सुचेना. मी येऊ का तुमच्याबरोबर एवढंच विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. स्मशानभूमीत प्रत्येक दगडासमोर त्या स्वतःचा बूट टेकवून एक पाऊल मोजायच्या आणि नेमका तिथे झेंडा रोवायच्या, मी खोकं धरून मागे मागे. चाळीसेक झेंडे लावले असतील आम्ही.

त्या दिवसापासून ठरवलं की इथला कुठलाही सण आला की तो कुठून आला हे आधी समजून घ्यायचं. आता बरीच वर्षं झाली, नवीन आलेले ओळखीचे लोक मला विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांनाही वाचायला द्या, त्यांनाच हे प्रश्न जास्त पडतात.

पहिली गोष्ट, कॅलेंडर उघडा आणि सणाची तारीख कशी ठरते ते बघा. इथे तीन प्रकार आहेत. काही दिवस ठरलेल्या तारखेला येतात, ४ जुलै, ११ नोव्हेंबर, २५ डिसेंबर असे. काही अमुक महिन्यातला अमुक वार असतात, बहुतेक सोमवार. आणि काही चंद्रावर चालतात, आपल्यासारखे. कुठल्या प्रकारात बसतो एवढं कळलं की सण सरकारी आहे का धार्मिक, आनंदाचा आहे का आठवणीचा, ह्याचा निम्मा अंदाज तिथेच येतो.

सोमवारवाले आधी घेते कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. १९६८ साली इथल्या संसदेने कायदा केला की काही सुट्ट्या सोमवारी आणायच्या म्हणजे लोकांना सलग तीन दिवस मिळतील, तो १९७१ पासून लागू झाला. मेमोरिअल डे त्याआधी ३० मे ला असायचा. त्याची सुरुवात १८६८ ची, उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात लाखो सैनिक गेले होते, जॉन लोगन नावाच्या जनरलने आवाहन केलं की ३० मे ला सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायची, म्हणून त्याचं जुनं नाव डेकोरेशन डे. आता लाँग वीकेंडमुळे लोक बार्बेक्यू करतात, दुकानांत गाद्यांचे सेल लागतात, स्विमिंग पूल उघडतात, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की हा मजेचा दिवस आहे. ते सगळं खुशाल करा पण ज्यांच्या घरातला माणूस गेलाय त्यांना हॅपी म्हणू नका. 'आज तुमच्या माणसांची आठवण ठेवतोय' एवढं म्हटलं तरी पोचतं. त्या दिवशी सरकारी इमारतींवरचा झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो आणि मग पूर्ण वर नेतात. मुलांना हे मुद्दाम नेऊन दाखवा, मी दाखवलंय, ते विसरत नाहीत.

व्हेटरन्स डे ह्याच्याशी मिसळू नका. मेमोरिअल डे गेलेल्या सैनिकांचा, व्हेटरन्स डे सैन्यात सेवा केलेल्या सगळ्यांचा, विशेषतः आज आपल्यात आहेत त्यांचा. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता थांबलं त्याचा तो दिवस, आधी नाव आर्मिस्टिस डे होतं, १९५४ मध्ये बदललं. हाही त्या कायद्याने सोमवारी ढकलला होता, ऑक्टोबरमध्ये, पण लोकांना ते अजिबात पटलं नाही आणि १९७८ पासून परत ११ नोव्हेंबरच झाला. मला हे फार आवडतं, तारीख हाच ज्याचा अर्थ आहे ती तारीख कशी हलवणार. ह्या दिवशी ऑफिसमध्ये कुणी माजी सैनिक असेल तर सरळ जाऊन थँक यू फॉर युवर सर्व्हिस म्हणा, ते इथे मनापासून म्हणतात आणि मनापासून घेतात.

आता लेबर डे. सप्टेंबरचा पहिला सोमवार. आपल्याला प्रश्न पडतो की कामगार दिन तर १ मे, इथे सप्टेंबरमध्ये कसा? आणि खरी गंमत अशी की १ मे जगाला दिला अमेरिकेनेच. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ ला देशभर संप झाला, शिकागोत ४ मे ला हेमार्केट चौकात सभेवर पोलीस चालून आले, बॉम्ब पडला, गोळीबार झाला, माणसं मेली, नंतर काही कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. १८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी १ मे हा कामगारांचा दिवस म्हणून घेतला आणि तिथून तो फिरत फिरत गिरणगावापर्यंत आला. इथे मात्र १८८२ पासून न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबरचा मोर्चा निघत होता आणि १८९४ साली, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या कामगारांचा मोठा संप चालू असतानाच, प्रेसिडेंट क्लीव्हलंड यांनी सप्टेंबरचा सोमवार कायद्यात आणला, मे महिन्याची शिकागोची आठवण नको होती असं बरेच इतिहासकार सांगतात. १ मे ला तुम्ही इथल्या मंडळात महाराष्ट्र दिन करत असाल तर मुलांना ही शिकागोची गोष्ट नक्की सांगा.

जानेवारीचा तिसरा सोमवार काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा. जन्म १५ जानेवारी १९२९, सुट्टीचा कायदा १९८३, पहिल्यांदा पाळली १९८६ मध्ये. ह्या दिवशी घरी बसण्यापेक्षा काहीतरी सेवा करायची पद्धत आहे, फूड बँकेत डबे भरणं, बाग साफ करणं, शाळेतून किंवा लायब्ररीतून यादी मिळते, आठवडाभर आधी नाव नोंदवा नाहीतर जागा भरतात. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले, गांधीजी जिथे उतरायचे त्याच घरात. सुट्टीत मुंबईला गेलात तर मुलांना तिथे न्या, शाळेत जे शिकतात ते आणि आजोबांचं शहर एकाच खोलीत भेटतं.

फेब्रुवारीचा प्रेसिडेंट्स डे म्हणजे कायद्यात अजूनही वॉशिंग्टन यांचा वाढदिवस. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार कोलंबस डे, बऱ्याच ठिकाणी आता तोच दिवस मूळनिवासींच्या नावाने पाळतात, तुमच्या गावात काय म्हणतात ते शाळेच्या कॅलेंडरवर बघा आणि तेच नाव वापरा. ४ जुलै तर माहितीच आहे, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ह्याला मात्र बिनधास्त हॅपी म्हणा. आणि एक व्यवहाराची गोष्ट, सरकारी सुट्ट्या ११ आहेत पण खासगी कंपनीला त्या द्यायचं बंधन नाही, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी कंपनीची यादी बघा.

चंद्रावरच्या सणांना आपण मराठी माणसं इथल्या बऱ्याच लोकांपेक्षा लवकर समजून घेऊ शकतो, कारण तिथी, पौर्णिमा, अधिक महिना हे आपल्या घरातले शब्द आहेत. ईस्टरचा नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यात कुठेही येतो. चर्चची पौर्णिमा त्यांच्या स्वतःच्या कोष्टकातून येते त्यामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय काढून ताडून बघा, बहुतेक वेळा हनुमान जयंतीनंतरचा रविवार निघतो, आणि कधी कधी होळीनंतरचा. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि ईस्टर ९ एप्रिलला, २०२४ मध्ये होळी २४ मार्चला पेटली आणि ईस्टर ३१ मार्चला. पौर्णिमा का, तर येशूला सुळावर दिलं ते ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या वेळी, आणि पासओव्हर त्यांच्या निसान महिन्याच्या १५ व्या दिवशी म्हणजे पौर्णिमेलाच येतो.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो, लेंट. त्याची सुरुवात होते त्या बुधवारी ऑफिसमध्ये एखाद्याच्या कपाळावर राखेचा काळा क्रॉस दिसेल. काहीतरी लागलंय म्हणून टिश्यू पुढे करू नका, चर्चमध्ये पाद्रीने लावलेली राख असते ती, अंगारा समजा. गोव्याचा कार्निव्हल नेमका ह्या बुधवारच्या आदल्या दिवशी संपतो तो ह्याच कारणाने. गुड फ्रायडेला भारतात सुट्टी असते, इथे देशभराची सरकारी सुट्टी नाही, काही राज्यांत असते आणि शेअर बाजार बंद असतो. गुड फ्रायडे हा दुःखाचा दिवस आहे, त्याला हॅपी नाही, रविवारी हॅपी ईस्टर म्हणा. अंडी आणि ससा मुलांसाठी, सशाची गोष्ट पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन लोकांनी बरोबर आणली.

ज्यूंचं कॅलेंडर तर आपल्या फारच जवळचं, महिने चंद्राचे आणि १९ वर्षांत ७ अधिक महिने, म्हणून त्यांचे सण दिवाळीसारखे मागेपुढे होतात पण ऋतू सोडत नाहीत. ईदच्या कॅलेंडरमध्ये अधिक महिना नाही त्यामुळे ईद दरवर्षी साधारण ११ दिवस आधी सरकते, एवढाच फरक. हनुका किस्लेव महिन्याच्या २५ ला सुरू होतो, आठ दिवस चालतो आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शुभेच्छा आदल्या संध्याकाळपासून. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराला ग्रीक राजाच्या सैन्याकडून ज्यूंच्या मक्काबी घराण्याने जेरुसलेमचं मंदिर परत घेतलं आणि शुद्ध केलं, दिव्यात एका दिवसापुरतं तेल होतं ते आठ दिवस जळलं अशी कथा आहे. म्हणून तेलात तळलेलं खातात, बटाट्याच्या किसाची लाटकी म्हणजे चवीला आपल्या थालीपीठाची आणि कटलेटची मधली बहीण. दिव्याला नऊ जागा असतात, आठ दिवसांच्या आठ आणि एक बाकीच्या पेटवायला, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन असं वाढवत खिडकीत ठेवतात, रस्त्यावरून दिसावं म्हणून. हनुका म्हणजे ज्यूंचा ख्रिसमस असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, धर्मात तो तसा छोटा सण आहे, त्यांचे मोठे दिवस रोश हशाना म्हणजे नवं वर्ष आणि योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, ते शरद ऋतूत येतात.

आणि इथे एक सांगायलाच हवं. आपल्याकडे कोकणात, अलिबाग पेण परिसरात, बेने इस्रायली ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिले, त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांची कथा आहे. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. तेलाच्या चमत्काराचा सण मात्र त्यांच्या जुन्या रीतीत नव्हताच, तो नंतर आला असं अभ्यासक सांगतात, त्यांच्यात आहे तो एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलिया यांच्या नावाने केलेला मलिदा, गोड पोहे, खोबरं, फळं. मी माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका ज्यू मैत्रिणीच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिने मला बसवून घेऊन सगळं दोनदा विचारलं.

आता थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, कारण तुम्हाला जेवायला बोलावणं येणार आणि जावंच. शाळेत मुलांना गोष्ट शिकवतात की १६२१ साली मॅसेच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतवाल्यांनी पीक आल्यावर मेजवानी केली आणि मूळनिवासी आले. तेवढं खरं आहे. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या शंभरेक लोकांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यात मेले होते, तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांनी त्यांना मका लावायला शिकवलं, मेजवानीला त्यांचा प्रमुख मॅसासॉइट ९० माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली, तीन दिवस चाललं. पुढचं कमी सांगतात. पन्नास वर्षांनी मोठं युद्ध झालं आणि १६७६ मध्ये त्याच मॅसासॉइटच्या मुलाला मारलं. त्यामुळे १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला प्लिमथला मूळनिवासी जमतात आणि तो शोकदिन म्हणून पाळतात. मी दोन्ही गोष्टी मुलीला सांगते, एक सांगून दुसरी लपवली तर मोठेपणी ती मलाच विचारेल. दरवर्षीचा राष्ट्रीय सण झाला तो १८६३ पासून, ऐन यादवी युद्धात लिंकन यांनी घोषणा केली, सारा हेल नावाची संपादिका त्यासाठी कितीतरी वर्षं पत्रं लिहीत होती.

जेवायला जाताना यजमानांना आधी विचारा काय आणू, आणि आपण शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा, तिथे जाऊन नाही. टर्की सोडली तर बाकीचं शाकाहारी दिसतं पण नीट बघावं लागतं. स्टफिंग म्हणजे पावाचा मसालेदार चुरा, तो बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यात भिजवलेला असतो. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची. रताळ्यावरचे पांढरे मार्शमेलो जिलेटिनचे म्हणजे प्राण्यापासूनचे. पाय नावाचा जो भाजलेला गोड पदार्थ असतो त्याच्या पारीत कधी डुकराची चरबी असते. क्रॅनबेरी सॉस, मॅश केलेले बटाटे, मका, पाव हे साधारणपणे चालतं, तरी विचारा, कुणी रागवत नाही. मी दरवर्षी एक मोठं भांडं भरून भोपळ्याचे घारगे नेते, भोपळा त्यांचाही हंगामाचा त्यामुळे टेबलावर परका वाटत नाही, आणि ते सगळ्यात आधी संपतात. जेवणाआधी एकेक जण सांगतो की मी कशाबद्दल आभारी आहे, तुमचीही पाळी येणार, एक खरं वाक्य मनात तयार ठेवा.

हॅलोविन ३१ ऑक्टोबर, आयर्लंडच्या जुन्या सावन नावाच्या सणावर ख्रिस्ती धर्माचा १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस येऊन बसला, त्याची आदली रात्र. दुष्काळातून पळून आलेल्या आयरिश लोकांनी तो इथे आणला, तिकडे सलगम कोरायचे, इथे भोपळा मिळाला. धर्म आता त्यात फारसा उरलेला नाही पण काही ख्रिस्ती आणि मुस्लिम घरं पाळत नाहीत, तेव्हा मुलांना एवढंच शिकवा की दारावरचा दिवा चालू असेल तिथेच जायचं. दिवा बंद म्हणजे नको. निळसर हिरवा भोपळा ठेवलेला दिसला तर तिथे ॲलर्जीवाल्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी असतात. तुम्ही गोळ्या वाटणार असाल तर शेंगदाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवा आणि सगळ्या पाकीटबंदच, घरचा लाडू कितीही प्रेमाने दिला तरी आईबाप फेकून देतात, मनाला लावून घेऊ नका.

ख्रिसमसबद्दल एकच गोष्ट सांगते जी मला खूप उशिरा कळली. ह्याच अमेरिकेत, मॅसेच्युसेट्समध्ये, १६५९ ते १६८१ ख्रिसमस साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता, कारण प्युरिटन म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना तो बायबलमध्ये नसलेला सण वाटायचा. सरकारी सुट्टी झाली १८७० मध्ये. समोरचा काय पाळतो माहीत नसेल तर हॅपी हॉलिडेज, माहीत असेल तर मेरी ख्रिसमस. टपालवाल्याला भेट द्यायची असेल तर रोख पैसे त्याला घेता येत नाहीत आणि वस्तू २० डॉलरच्या आतली हवी, हातमोजे किंवा चॉकलेट द्या.

शेवटी राहिला सगळ्यात नवा सरकारी सण, जूनटीन्थ, १९ जून. २०२१ मध्ये सुट्टी झाली पण काळे लोक तो दीडशे वर्षं पाळतायत. लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ला अंमलात आणली, टेक्ससमध्ये मात्र मालकांनी ती लागूच होऊ दिली नाही, १९ जून १८६५ ला जनरल ग्रेंजर सैन्य घेऊन गॅल्व्हस्टन बंदरात उतरले आणि हुकूम वाचला तेव्हा तिथल्या अडीच लाख माणसांची सुटका सुरू झाली. अडीच वर्षं उशिरा. आणि त्यानंतर फक्त आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी हे पुस्तक छापलं आणि ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामी संपवायला झीज सोसली त्यांना अर्पण केलं. मी हे आमच्या लायब्ररीतल्या कार्यक्रमात सांगितलं तर पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले नाव परत सांग, लिहून घेतो, आणि त्यांनी खिशातल्या पावतीच्या मागे जोतीराव फुले असं एकेक अक्षर विचारत लिहिलं.

ह्या दिवशी बोलावणं आलं तर हॅपी जूनटीन्थ म्हणा, हा आनंदाचाच आहे. टेबलावर सगळं लाल असतं, कलिंगड, लाल सोडा, लाल केक, आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, ते पश्चिम आफ्रिकेतून आलेलं. लाल रंग म्हणजे सांडलेलं रक्त असं तिथल्या बायकांनी मला सांगितलं. मी कोकमाचं सरबत नेते, साखर थोडी जास्त घालून, जिरं अगदी चिमूटभर.